आतल्या बाजूचा पाय

१

सोमवारी सकाळी आठ वाजता जिनी फेअरक्लॉथने केल्सो पार्कातल्या मेरी-गो-राउंडवरची ताडपत्री बाजूला सारली, आणि तिला दिसलं की पहिल्या घोड्याला तीनच पाय उरलेत.

नऊ वाजेपर्यंत बातमी काउंटी पोलिसांच्या कचेरीत पोचली. तिथल्या साहेबांनी ती हसून ऐकली आणि व्हर्डेल ऑगबर्नच्या टेबलाकडे बोट दाखवलं. हल्ली अशी कामं तिच्याच वाट्याला येत. हरवलेली कुत्री, चर्चमधून गेलेले मेणबत्त्यांचे स्टँड, आता लाकडी घोड्याचा पाय. व्हर्डेल पंचेचाळीस वर्षांची होती. पेन्शनला आठ महिने उरले होते. गुडघे बोलत होते, पोटात आम्लपित्त होतं, आणि कुणाशी वाद घालायचा म्हटलं की तिच्या जिवावर येई. तिने कोट उचलला आणि निघाली.

केल्सो पार्क गेल्या महिन्यात कायमचा बंद झाला होता. फाटकावर चौकीदार रॉय स्टॅमी होता. पासष्टीचा, रुंद, हळू बोलणारा माणूस. एके काळी पार्कच्या मालकांनी नेमलेला शिपाई होता तो, अंगावर काउंटीचाच बिल्ला लावायचा. तिला बघून त्याने टोपी काढली. कॉफी घेणार का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता किटली लावली. चौकीत सगळं जुनंपुराणं होतं. खुर्चीला दोरी बांधलेली, रेडिओला चिकटपट्टी. किटली तेवढी कोरी होती, मुठीवरची दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून निघाली नव्हती.

रविवारी कोण आलं होतं, हे व्हर्डेलने विचारलं. कुणी नाही, तो म्हणाला. पण अकरा ते एक तो चर्चला गेला होता, तेवढ्यात कुणी कुंपणावरून आलं असेल तर त्याला ठाऊक नाही. पोरं असतील. लाकूडकामातलं आपल्याला काही कळत नाही, हेही त्याने न विचारता सांगितलं. त्याच्या डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती.

मेरी-गो-राउंडच्या गोल इमारतीत वीज नव्हती. व्हर्डेलने टॉर्च लावून घोडा पाहिला. बाहेरच्या रांगेतला सगळ्यात मोठा घोडा, म्हणून त्याला पहिला म्हणत, काळाभोर, मानेवर लाल-हिरव्या काचेचे खडे. तीन खूर फळीला घट्ट आवळलेले. चौथा, डावा पुढचा, उचललेला असायचा. तो खांद्यापासून गेला होता. एकही खडा हललेला नव्हता. सोनेरी लगाम जागच्या जागी होता.

ती गुडघा धरून वाकली. करवत लागलीच नव्हती. पाय सांध्यातून अख्खा ओढून काढला होता. खांद्यातली चौकोनी खाच ओलसर होती, तिच्यात बारीक वाकडे ओरखडे होते, खालची फळी फुगली होती, आणि एक मंद, उग्र वास येत होता. कातडं उकळल्यासारखा.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. पार्कचे मालक प्रेस्टन व्हिटलॉक यांनी ट्रक धाडला होता. हाच घोडा न्यायला.

२

व्हर्डेलने ट्रक परत पाठवला. पुरावा आहे, हलवता येणार नाही, असं सांगितल्यावर ड्रायव्हरने खांदे उडवले. मग ती जिनीसमोर एका लाकडी बाकावर बसली. जिनी चाळिशीच्या आतबाहेरची. डेलावेअरहून आली होती. काउंटी हे मेरी-गो-राउंड विकत घेऊन नव्या बागेत मांडणार होती, त्याआधी रंग खरवडून घोडे दुरुस्त करायचे आणि पार्कातल्या चक्रांचा इतिहास लिहून द्यायचा, असं तिचं काम होतं. बोलायला लागली की थांबायची नाही.

केल्सो पार्कात एकूण तीन चक्रं झाली, तिने सांगितलं. पहिलं अठराशे शहाण्णवमधलं, तंबूखाली. ते खेचर ओढायचं, आणि त्यावर घोड्यांबरोबर बोकड, डुक्कर, एक शहामृगही होतं. दुसरं वाफेवरचं. त्याचा बाजा इतका मोठ्याने वाजे की तळ्यापलीकडच्या लोकांनी अर्ज केला. ते ओहायोत विकलं गेलं. तिसरं हे, एकोणीसशे बावीसचं, बावन्न घोड्यांचं, विजेवरचं. फिलाडेल्फियातल्या एका लहानशा कारखान्यात परदेशातून आलेल्या सुतारांनी ते घडवलं.

"आपल्याकडची चक्रं डावीकडे फिरतात," जिनी म्हणाली, "म्हणजे बघणाऱ्याला घोड्याची उजवी बाजूच दिसते. म्हणून सगळी नक्षी, सगळे खडे उजवीकडे. डावी बाजू आतली. तिकडे कुणी बघत नाही, सुतारही तिथे हात आखडता घ्यायचे. चोराने नेमका तोच पाय न्यावा, हे मला कळत नाही. विकला तरी कुणी घेणार नाही."

"मग त्याला तोच पाय हवा होता," व्हर्डेल म्हणाली. "काय असतं पायात?"

 जिनी म्हणाली, की एमिल झेलिन्का नावाचा एक म्हातारा चाळीस वर्षं हे चक्र चालवत होता. दुरुस्त्याही तोच करायचा. त्याला एक सवय होती. मोडलेला कान किंवा पाय परत बसवताना तो सांध्याच्या आत पेन्सिलीने तारीख आणि काय झालं ते लिहायचा, आणि वरून कातडं उकळून केलेला सरस लावून सांधा बंद करायचा. तिने आतापर्यंत अकरा घोड्यांत असं लिखाण शोधलं होतं. गेल्या गुरुवारी बैठकीत तिने ते मोठ्या हौसेने सांगितलं. बैठकीला एकटे व्हिटलॉक होते, दाराशी रॉय उभा होता. व्हिटलॉक तिथल्या तिथे म्हणाले, की पहिला घोडा विकायचा नाही, घराण्याची आठवण म्हणून सोमवारी ते तो घरी नेतील, त्याला कुणी हात लावू नये.

"या पायाचा सांधा कधी उघडला होता, सांगता येईल?"

येईल, जिनी म्हणाली. इथे दर हिवाळ्यात सगळ्या घोड्यांना रंगाचा एक हात बसायचा, एकही वर्ष चुकलं नाही. सांध्याच्या कडेवर जितके हात अखंड चढलेत तितके हिवाळे मोजायचे. तिने भिंग काढलं, खाचेच्या कडेला टोकदार सुईने एक खपली उचलली आणि ओठ हलवत मोजत बसली. दोनदा मोजलं.

"चोवीस," ती म्हणाली. "चोवीस हिवाळ्यांपूर्वी. म्हणजे बासष्टच्या हंगामात."

व्हर्डेलने टॉर्च बंद केला.

३

सात जुलै एकोणीसशे बासष्ट, शनिवार. ती तारीख काउंटीतल्या कुठल्याही काळ्या लोकांच्या घरात कुणालाही विचारली असती तरी सांगितली असती.

तेव्हा केल्सो पार्क गोऱ्यांचा होता. काळ्यांनी कुंपणाबाहेरून बाजा ऐकायचा. त्या शनिवारी कॉलेजातली नऊ मुलं, गोऱ्या मित्रांनी काढून दिलेली तिकिटं हातात घेऊन, या चक्रावर चढून बसली. पहिल्या घोड्यावर होता लायनेल ग्रीअर, वीस वर्षांचा. शिपाई आले, मुलांना ओढून काढू लागले. लायनेलच्या डोक्याला मार लागला आणि तिसऱ्या दिवशी तो इस्पितळात वारला.

शिपायाच्या जबाबात लिहिलं होतं: चक्र पूर्ण थांबलेलं होतं. मुलाने हसत हसत घोड्यावरून बाहेरच्या बाजूला उडी मारली, तोल गेला, पायरीवर डोकं आपटलं. कुणी हात लावला नव्हता.

व्हर्डेलला तो जबाब पाठ होता. तिनेच तो टाइप केला होता. एकवीस वर्षांची होती. काउंटीच्या टायपिंगच्या खोलीत बसवलेली पहिली काळी मुलगी, नोकरीला जेमतेम पाच आठवडे झालेले. मुलांनी तिलाही बोलावलं होतं आणि नोकरीसाठी ती गेली नव्हती. मग मंगळवारी तो कागद तिच्याच टेबलावर आला. मुद्दाम आला की सहज, हे तिला कधीच कळलं नाही. तिने तीन प्रती काढल्या, एकही चूक न करता. खाली साक्षीदार म्हणून प्रेस्टन व्हिटलॉक यांची सही होती. जबाब देणाऱ्याची सही होती रॉय स्टॅमीची.

त्या सोमवारी दुपारी ती व्हिटलॉकना भेटली. अठ्ठावन्न वर्षांचे, उन्हाने तांबूस झालेले, स्वेटर खांद्यावर टाकलेले गृहस्थ. त्या काळी काकांच्या हाताखाली पार्कची व्यवस्था तेच बघत. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही. एवढ्याशा लाकडासाठी पोलिसांनी ट्रक अडवावा याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं. त्यांच्या मते हे त्या पुराणवस्तू जमवणाऱ्यांपैकी कुणाचं तरी काम होतं. नवा पाय बसवून घेऊ, म्हणाले.

व्हर्डेलने शांतपणे विचारलं, की त्या घोड्याचा पाय पूर्वी कधी मोडला होता का.

"त्या घोड्याला कधी ओरखडाही आला नाही, बाई," व्हिटलॉक म्हणाले. "मी लहानपणापासून बघतोय."

सरळ डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलले. पण त्यांच्याकडून निघताना व्हर्डेलला वाटलं, हा माणूस खोटारडा आहे, चोर नाही. सोमवारी अख्खा घोडाच ज्याच्या घरी यायचा होता, त्याने रविवारी एक पाय कशाला चोरावा?

४

एमिल झेलिन्का शहराच्या पूर्वेला, वृद्धांच्या निवासात होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, बोहेमियातून आलेल्या आईबापांचा मुलगा, बारीक चणीचा. त्याचे दोन्ही हात सतत थरथरत. परिचारिका त्याला चमच्याने सूप भरवत होती. हे हात रविवारी सांधा उघडायला गेले नव्हते, हे बघताक्षणीच कळत होतं.

व्हर्डेलने नाव सांगितलं, काय झालं ते सांगितलं. म्हाताऱ्याने सूप पुढे ढकललं.

"कापला, की निघाला?" त्याने विचारलं.

"अख्खा निघालाय. सांध्यातून."

त्याने डोळे मिटले आणि खुर्चीत मागे टेकला. दुःख झालेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. फार दिवसांनी ओझं खाली ठेवलेल्याचा होता.

मग तिने बऱ्याच गोष्टी विचारल्या, त्याने थोड्यांचीच उत्तरं दिली. दुरुस्त्या हिवाळ्यात व्हायच्या, पार्क बंद असताना. भर हंगामात, जुलैमध्ये, एकदाच केली. मालकांनी सांगितलं, उद्या सकाळी बाजा वाजला पाहिजे आणि घोड्याला चार पाय दिसले पाहिजेत. त्याने रात्रभर बसून ते केलं. आत काय लिहिलं ते तो सांगेना. जिनीबाई शुक्रवारी येऊन गेल्या, घोडा व्हिटलॉकच्या घरी जाणार असं त्यांच्याकडून कळलं, एवढं कबूल केलं. पुढे कुणाला सांगितलं हे विचारल्यावर तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"सरस कसा सोडवायचा हे तुम्ही कुणाला तरी शिकवलंत," व्हर्डेल म्हणाली.

"बाई, माझं वय झालंय. मी कुणाला काय शिकवणार." पण तो किंचित हसला होता.

उठताना तिची नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली. तिथे सहा लाकडी बदकं ओळीने मांडली होती. खऱ्या बदकांना भुलवायला शिकारी लोक खाडीच्या पाण्यावर सोडतात तशी, पण फार सुबक. पिसन् पीस कोरलेलं. परिचारिका म्हणाली, एमिलकाकांचे एक दोस्त दर शुक्रवारी संध्याकाळी येतात, येताना कधी कधी एक घेऊन येतात. नाव काही तिला आठवेना.

व्हर्डेलने एक बदक उचलून उलटं केलं. पोटावर तापल्या तारेने दोन अक्षरं डागली होती. आर. एस.

५

मंगळवारी सकाळी ती चौकीत गेली तेव्हा रॉय स्टॅमी खुर्चीवर बसला होता. किटलीकडे तो गेला नाही. तीही न विचारता समोरच्या खोक्यावर बसली. गुडघे ठणकत होते.

तिला काही नाटक करायचं नव्हतं. तिने त्याला जसं सुचलं तसं सांगितलं. पाय ज्याने नेला त्याला तो नासवायचा नव्हता. नासवायचा असता तर करवतीने दोन मिनिटांत कापून तळ्यात फेकला असता. त्याने सांधा सांभाळला, म्हणजे आतलं लिखाण त्याला हवं होतं, तेही अख्खं, आणि घोडा व्हिटलॉकच्या हाती जाण्याआधी. एमिल सोडला तर लिखाणाबद्दल तिघांनाच ठाऊक होतं. व्हिटलॉक वगळायचे. जिनीकडे वाफेचं यंत्र आहे, हंगाम संपल्यापासून इमारतीत वीज नाही म्हणून तिच्या गाडीत जनरेटरही आहे. तिने हे काम डाग न पाडता केलं असतं. शिवाय रविवारी ती गाडीसकट डेलावेअरला होती. ज्याने केलं त्याने किटली किटली उकळतं पाणी ओतलं, फळी फुगवली, आणि खाचेतला सरस पटाशीने नाही, बारीक वाकड्या चाकूने खरवडला. बदकांची पिसं ज्याने कोरतात तसल्या. सगळ्या पार्कात चालू विजेचं बटण एकच, या चौकीत. जुनी किटली पुन्हा पुन्हा उकळून जळली असणार, म्हणून नवी आली.

"तुम्ही म्हणालात, लाकडातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "काल मी तुमची बदकं पाहिली. मला खूप आवडली."

रॉयने अंगठ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग उठला, पलंगाखालून एक पोतं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. आत लोकरीच्या शालीत गुंडाळलेला पाय होता. काळा, गुळगुळीत, बाळाएवढ्या वजनाचा. वरच्या टोकाला फिकट लाकडाचं, खाचेत बसणारं चौकोनी कुसू होतं आणि त्याच्या दोन बाजूंवर सुताराच्या जाड पेन्सिलीचं लहान, नेटकं अक्षर.

७ जुलै १९६२. चालू चक्रात मोडला. पोरं बसलेली असताना चालू केलं. चक्राचा दांडा प्रेस्टन व्हिटलॉकच्या हातात होता, माझ्या नाही. पोरगा आत पडला. एमिल झेलिन्का.

व्हर्डेलने ते दोनदा वाचलं.

"आत कसा पडला?"

"मी त्याच्या पट्ट्याला धरून बाहेर ओढत होतो," रॉय म्हणाला. "तो घोड्याच्या मानेला मिठी मारून होता. शिवी नाही, हात उगारणं नाही. साहेब, माझ्याकडे तिकीट आहे, एवढंच म्हणत होता, पुन्हा पुन्हा. तेवढ्यात व्हिटलॉक ओरडला, झटका देतो, सगळे पडतील. एमिलला ढकलून त्याने दांडा खेचला, एकदम, पूर्ण. माझा हात सुटला. पोरगा आतल्या अंगाला गेला. घोड्याचा पाय धरून लोंबकळला, तो पाय मोडला. दुसऱ्या रांगेतले घोडे वरखाली होतात ना. एक खाली येत होता. त्याची पाय ठेवायची लोखंडी रिकीब पोराच्या कानामागे बसली."

चक्र थांबलेलं असतं तर तो घोडा खाली आलाच नसता. एवढं साधं होतं ते. चोवीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

तिने विचारलं, पाय रविवारी काढला, मग कुणाला दिला का नाही. रॉय म्हणाला, रविवारी चर्चच्या वेळात काढला. मग गाडीत घालून मिसेस ग्रीअरच्या गल्लीत दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा गाडीतून उतरायचा धीर झाला नाही.

"त्या कागदावर सही माझी आहे, बाई. दुसरं सगळं एमिलने लिहिलंय, पण खोटं मी बोललो. कुठल्या तोंडाने बेल वाजवू?"

"टाइप मी केला होता," व्हर्डेल म्हणाली.

रॉयने वर बघितलं. त्याला हे माहीत नव्हतं.

"मग आता काय?" त्याने विचारलं.

"आता तुम्ही पुन्हा जबाब द्यायचा. या वेळी खरा. मीच टाइप करते."

६

बुधवारी एमिलची साक्ष निवासातच शपथेवर घेतली. त्याला सही करता येईना, म्हणून अंगठा घेतला. रॉयचा जबाब सात पानी झाला. कचेरीतले साहेब तो वाचताना या वेळी हसले नाहीत. आठ महिने राहिलेत, हे कशाला उकरून काढतेस, असं त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. व्हर्डेलने पाकीट सरकारी वकिलाकडे धाडून दिलं. वकिलाने गुरुवारी फोन करून सांगितलं, की प्रकरण पुन्हा उघडतोय, वेळ लागेल, व्हिटलॉक मोठा वकील लावणार. मृत्यूच्या नोंदीतला मजकूर मात्र बदलेल, तो कुणाला अडवता येणार नाही. व्हिटलॉकने फोन उचलणं बंद केलं होतं. पाय चोरल्याबद्दल रॉयवर गुन्हा लावायचा का, या रकान्यात व्हर्डेलने लिहिलं, वस्तू परत मिळाली.

शुक्रवारी दुपारी ती ओडेसा ग्रीअरच्या घरी गेली. ओडेसामावशी आता चौऱ्याऐंशीची होती. स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलत होती. व्हर्डेलला तिने लहान असल्यापासून पाहिलेलं.

"बस. पाय सोड जरा. केवढी थकलीस गं."

व्हर्डेलने सगळं सांगितलं. थांबत थांबत, पण काही न वगळता. लायनेलच्या हातात तिकीट होतं, त्याने मिठी सोडली नाही, चक्र कुणी चालू केलं, रिकीब कुठे लागली. शेवटी तिने स्वतःचंही सांगितलं, की तो खोटा कागद तिच्या हातचा होता.

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली. "तुझी आई जाण्याआधी सांगून गेली. तू न करतीस तर दुसरी कुणी करती. त्या पोरीच्या चुका झाल्या असत्या, एवढंच."

 सोललेल्या शेंगांच्या भांड्यात तिची बोटं नुसतीच फिरत राहिली. व्हर्डेलला वाटलं होतं, ती रडेल, किंवा व्हिटलॉकला शिव्या घालेल. यातलं काहीच झालं नाही.

"म्हणजे त्याने उडी मारलीच नाही," ती म्हणाली.

"नाही, मावशी. धरून होता."

"त्यांनी मला सांगितलं होतं, हसत हसत उडी मारली म्हणून. तो तसाच होता गं, पायरीवरून कधी सरळ उतरला नाही, उडी मारूनच यायचा. मला खरं वाटलं." तिने पदरासारखा ओढून घेतलेला एप्रन हातात चुरगळला. "चोवीस वर्षं मी त्या पोरावर चिडून आहे, व्हर्डेल. लोकांना वाटतं मी गोऱ्यांवर चिडलेय. मी त्याच्यावर चिडले होते. थडग्याशी जाऊन त्यालाच बोलायचे. एवढं मोठं काम करायला गेलास, आणि शेवटी उडी कशाला मारलीस रे मेल्या, म्हणून. मग जायचंच सोडलं. नऊ वर्षं झाली असतील."

 व्हर्डेलने शेंगांची परडी आपल्याकडे ओढली आणि सोलू लागली. थोड्या वेळाने मावशीही सोलू लागली. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर गेलं.

"त्याला सांगायला पाहिजे," मावशी म्हणाली. "पण आज नाही. आज माझ्याच्याने उभं राहवणार नाही."

"उद्या जाऊ. मी गाडी घेऊन येते."

"दहाला ये. आणि फुलं वगैरे आणू नकोस. मला फक्त त्याच्याशी नीट बोलायचंय."